खेळ रंगतो, पण त्याची चाल इंग्रजीवाचून चालते का? लहान मुलांच्या वर्गातील भाषाखेळांविषयी

पाटीपेन्सिल (धागालेखिका)

नमस्कार.

मी सहा ते नऊ वर्षे वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. इंग्रजी ही या मुलांच्या घरची भाषा नाही आणि वर्गाबाहेर ती त्यांच्या कानावर अभावानेच पडते. या वयात भाषा खेळांतून शिकवावी याविषयी शिक्षकांमध्ये आता फारसे दुमत उरलेले नाही, आणि मीही त्याच मताची आहे. मात्र मध्यंतरी आलेल्या एका अनुभवाने मला माझेच खेळ पुन्हा तपासायला लावले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते. आपणही आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

प्राण्यांची नावे शिकवून झाल्यावर मी फळ्यावर बारा चित्रे लावली, वर्गाचे दोन गट केले आणि शर्यत घेतली. मी इंग्रजीत नाव उच्चारायचे, प्रत्येक गटातील एका मुलाने धावत येऊन त्या चित्रावर हात ठेवायचा आणि ज्याचा हात आधी पडेल त्याच्या गटाला गुण मिळायचा, असा हा अनेकांच्या परिचयाचा खेळ आहे. वर्ग इतका रंगला की तास संपल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दिवशी मी तीच चित्रे घेऊन एकेका मुलाजवळ बसले आणि नावे विचारली. शर्यतीत सर्वांत पुढे असणाऱ्यांपैकी काहींना बारापैकी चार नावेही सांगता आली नाहीत. ती विसरली असावीत असे मला आधी वाटले. नंतर खेळ पुन्हा डोळ्यांसमोर आणला तेव्हा कळले की ती नावे त्यांना खेळतानाही येत नव्हती. गटातली मुले मागून चित्र दाखवत होती, धावणारे मूल प्रतिस्पर्ध्याच्या हाताकडे पाहत होते आणि ज्याचे पाय चपळ ते जिंकत होते.

तेव्हापासून कोणताही खेळ घेण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते. या खेळातील चाल इंग्रजी समजल्याशिवाय किंवा इंग्रजी बोलल्याशिवाय खेळता येते का? येत असेल, तर तो खेळ मुलांना आनंद देईल, पण भाषा देईलच याची खात्री नाही. मी त्या शर्यतीत एवढाच बदल केला की नाव उच्चारण्याऐवजी तीन वाक्यांत वर्णन करायचे: ‘इट हॅज फोर लेग्ज. इट इज ग्रीन. इट कॅन जंप.’ पहिल्या वाक्याला सात-आठ प्राणी शक्य असतात, दुसऱ्याला दोनतीन उरतात आणि बेडूक तिसऱ्या वाक्याशिवाय नक्की ठरत नाही. शेवटचे वाक्य पूर्ण होईपर्यंत जागेवरून हलायचे नाही, आणि आपल्या गटाने मागून मदत केली तर गुण मिळायचा नाही. धावपळ तशीच राहिली, परंतु आता ऐकल्यावाचून धावण्यात अर्थ उरला नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. चाळीस मुलांच्या वर्गात चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे देण्याचा खेळ घेतला आणि चेंडू ज्याच्या हाती थांबेल त्याने एक वाक्य बोलायचे असे ठरवले, तर एका मुलाला पंधरा सेकंद धरून सर्वांची पाळी येण्यास दहा मिनिटे लागतात. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येते. तीच मुले वीस जोड्यांत बसवून एकमेकांना प्रश्न विचारू लागली आणि एका प्रश्नोत्तराला वीस सेकंद लागले, तर पाच मिनिटांत प्रत्येक जोडीची पंधरा प्रश्नोत्तरे होतात, म्हणजे प्रत्येक मूल निम्म्या वेळात पंधरा वेळा बोलते. प्रत्यक्षात गोंधळामुळे यातील निम्मेच साधते असे धरले, तरी फरक फार मोठा आहे. कानगोष्टीच्या खेळाचा मी याच कारणाने त्याग केला. त्यात प्रत्येक मूल एकदाच कुजबुजते, आणि वाक्य बिघडण्यातच त्या खेळाची मजा असल्यामुळे अचूक ऐकण्याची कोणाला निकड वाटत नाही.

आपल्या वर्गातील कोणते खेळ या कसोटीला उतरतात आणि कोणते उतरत नाहीत, हे जाणून घेण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

रानवाटा

धागा अतिशय आवडला. मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवते, त्यामुळे माझा अनुभव ऐकण्याच्या खेळांपुरता मर्यादित आहे.

जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली, जिच्यात शिक्षक आज्ञा देतो आणि शिकणारा ती शरीराने पार पाडतो. बोलण्याची सक्ती सुरुवातीला नसते. लहान मूल आपली पहिली भाषा अशाच प्रकारे, बोलू लागण्याच्या कितीतरी आधी ‘ये’, ‘बस’, ‘दे’ या शब्दांना प्रतिसाद देत शिकते, हा त्यामागील विचार आहे. ‘सायमन सेज’ हा खेळ, ज्यात ‘सायमन सेज’ असे म्हणून दिलेलीच आज्ञा पाळायची असते, याच जातीचा आहे. तो माझ्या वर्गात रोज होतो, परंतु आपण सांगितलेला दोष त्यातही शिरतो. चारपाच मुलांना आज्ञा समजते आणि बाकीची त्यांच्याकडे पाहून हात हलवतात. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व वर्ग इंग्रजी समजत असल्यासारखा दिसतो.

मी त्यावर दोन उपाय केले. काही आज्ञा मुले डोळे मिटून पाळतात. आणि काही वेळा मी मुद्दाम तोंडाने एक सांगते आणि हाताने दुसरे करते: ‘टच युअर नोज’ असे म्हणत स्वतःचा कान धरते. ज्यांचे कान माझ्या शब्दांकडे असतात ती नाक धरतात, आणि उरलेल्यांची माझ्या मनात नोंद होते. ठरावीक आज्ञा पाठ होतात, तेव्हा नवीन जोडण्या करणे फार उपयोगी पडते. ‘टच युअर नी’ आणि ‘बुक’ हे दोन्ही माहीत असणाऱ्या मुलांना ‘पुट युअर बुक ऑन युअर नी’ हे वाक्य पूर्वी कधीही ऐकलेले नसते, तरी ती ते समजून घेतात, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद पाहण्यासारखा असतो. अ‍ॅशर यांनीही अशा अनपेक्षित आज्ञांवर भर दिला होता.

जो चुकला तो खेळातून बाद, हा नियम मात्र मी काढून टाकला आहे. ज्या मुलाला सरावाची सर्वाधिक गरज असते तेच पहिल्या मिनिटाला बाद होते आणि उरलेला वेळ भिंतीशी उभे राहते. माझ्याकडे चुकणारे मूल एक पाऊल मागे जाते आणि पुढची आज्ञा बरोबर पाळली की पुन्हा पुढे येते.

तळटीप

‘चाल इंग्रजीवाचून खेळता येते का’ ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण तिच्या मुळाशी असलेला विचार भाषाशिक्षणाच्या इतिहासात एका प्रयोगाने ठळकपणे पुढे आणला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास परिसरातील शाळांत असा प्रकल्प राबवला की मुलांना व्याकरणाचे नियम न सांगता, ज्यात भाषा वापरावीच लागते अशी कामे द्यायची. त्यांनी कामांचे तीन प्रकार केले. पहिल्यात एकाजवळची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची असते, दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने उत्तर काढायचे असते आणि तिसऱ्यात स्वतःचे मत किंवा आवड सांगायची असते. प्रभू यांनी स्वतः तर्काच्या कामांना अधिक महत्त्व दिले. माझा अनुभव असा की सात-आठ वर्षांच्या मुलांना पहिला प्रकार सर्वांत सहज जमतो.

याचे साधे रूप म्हणजे चित्रांतील फरक. दोन मुलांना जवळजवळ सारखी चित्रे द्यावीत, ज्यांत पाच फरक असतील, आणि एकमेकांचे चित्र न पाहता ते फरक शोधण्यास सांगावे. माझ्याजवळचे माझ्या जोडीदाराला दिसत नाही, म्हणून मला बोलावे लागते आणि त्याला ऐकावे लागते. येथे बोलण्याचे कारण शिक्षकाने निर्माण केलेले नसून खेळातूनच आलेले असते. फळ्यावरचे चित्र सर्वांना दिसत असताना ‘व्हॉट इज धिस?’ असे विचारण्यात हे कारण नसते. उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे हे मुलांना चांगले कळते.

उन्हसावली

मी शिक्षिका नाही, पालक आहे, त्यामुळे येथे लिहावे की नाही असा थोडा संकोच वाटला. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या वर्गात खेळ फार घेतले जातात आणि ती आनंदाने शाळेत जाते, याचे मला समाधान आहे. परंतु तिची वही पाहिली की दोनदोन आठवडे पाने कोरी असतात. ती घरी येऊन खेळ सांगते, त्यात कोण जिंकले ते सांगते, पण आज इंग्रजीतील काय शिकलीस असे विचारले की गप्प राहते. ‘खेळ म्हणजेच शिकणे’ या उत्तराने माझे समाधान होत नाही. शिक्षकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुलीची प्रगती होत आहे हे मी कशावरून ओळखावे, एवढेच मला विचारायचे आहे.

पाटीपेन्सिल

उन्हसावली, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देण्याची जबाबदारी खेळ घेणाऱ्यावरच आहे असे मी मानते.

प्रत्येक खेळानंतर पाचसात मिनिटे शांतपणे काहीतरी हाताने करणे मी आता अनिवार्य केले आहे. वर्णनाच्या शर्यतीनंतर मुले आपल्या आवडीचा एक प्राणी वहीत काढतात आणि त्याच्याविषयी खेळात ऐकलेली दोन वाक्ये लिहितात. ज्यांना लिहिणे जमत नाही ती फळ्यावरील वाक्यांतून निवडून उतरवतात. त्यामुळे खेळात हवेत राहिलेली भाषा कागदावर येते, आणि पालकांनाही ती दिसते. घरी मुलीला ‘काय शिकलीस’ असे विचारण्यापेक्षा ‘तो खेळ माझ्याबरोबर खेळ’ असे म्हणून पाहावे. लहान मुलांना आपण काय शिकलो याचे वर्णन करणे कठीण जाते, पण शिकलेले करून दाखवणे सहज जमते. ती तुमच्याशी तो खेळ इंग्रजीत खेळू शकली, तर प्रगती होत आहे. फक्त नियम मराठीत समजावून सांगून थांबली, तर वर्गात चाल बहुधा इंग्रजीवाचूनच चालते आहे.

तळटीप, फरक शोधण्याच्या खेळात माझी दोन अडचणींशी गाठ पडली. मुले चित्रे एकमेकांना दाखवतात आणि सरळ मराठीत बोलू लागतात. यावर काही उपाय सुचवाल का?

तळटीप

दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पहिलीचा उपाय मांडणीत आहे. दोघांच्या मध्ये पुस्तक उभे करावे किंवा मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. पाठीला पाठ लावून बसल्यावर बोटाने दाखवणेही थांबते, आणि शब्दच एकमेव साधन उरते.

मराठीत बोलण्याकडे मी आळस म्हणून पाहत नाही. ज्या मुलाला फरक सांगायचा आहे पण वाक्य येत नाही, ते आपल्या भाषेकडे वळणारच. म्हणून खेळाआधी मी असे पाहतो की या खेळाला किमान किती वाक्ये लागतील. बहुतेक वेळा तीन पुरतात: ‘इज देअर अ...?’, ‘येस, देअर इज’ आणि ‘हाउ मेनी?’ ही वाक्ये आधी संपूर्ण वर्गाबरोबर एका मोठ्या चित्रावर खेळून घ्यावीत, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत आणि मगच जोड्या पाडाव्यात. दहा मिनिटांच्या खेळाला दहा मिनिटांची पूर्वतयारी लागली तरी ती वाया जात नाही, कारण भाषा बऱ्याच अंशी त्या तयारीतच शिकली जाते आणि खेळात ती पक्की होते.

खेळाचे नियम मात्र मराठीत सांगण्यास माझी काहीच हरकत नाही. ‘वर्गात फक्त इंग्रजी’ या आग्रहापायी नियम इंग्रजीत समजावण्यात पंधरा मिनिटे गेलेली आणि शेवटी मुलांना खेळ कळलाच नाही असे तास मी पाहिले आहेत. एका चुणचुणीत मुलाला पुढे बोलावून खेळाची एक फेरी करून दाखवली, तर कोणत्याही भाषेतील स्पष्टीकरणाची गरज फारशी उरत नाही.

सहाण

खेळातील शब्दांच्या निवडीविषयी येथे अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

आपण सारे शिक्षक नवीन शब्द गटागटाने शिकवतो: आज रंग, उद्या शरीराचे अवयव, परवा प्राणी. पाठ्यपुस्तकेही तशीच रचलेली असतात आणि चित्रपत्त्यांचे संच तर हमखास तसेच मिळतात. परंतु एकाच अर्थगटातील नवीन शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात, असे टिंकहॅम यांच्या १९९३ मधील आणि वॉरिंग यांच्या १९९७ मधील प्रयोगांत आढळले होते. असे शब्द लक्षात राहण्यास परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा अधिक वेळ लागला. हे प्रयोग मोठ्या वयाच्या शिकणाऱ्यांवर आणि प्रयोगासाठी बनवलेल्या शब्दांवर झाले होते, त्यामुळे ते जसेच्या तसे लहान वर्गाला लावू नयेत. तरीही ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकवून पाहिलेल्या प्रत्येकाला त्यातील तथ्य पटेल. मुलाला हे दोन शब्द दिशांविषयी आहेत हे पक्के लक्षात राहते, कोणता शब्द कोणत्या दिशेचा हे मात्र महिनोन्महिने पक्के होत नाही.

माझा मार्ग असा आहे. नवीन शब्द मी एका छोट्या प्रसंगातून देतो, उदाहरणार्थ बेडूक, तळे, उडी, हिरवा, ओला. हे शब्द वेगवेगळ्या जातींचे आहेत, तरी एका चित्रात नांदतात आणि त्यांचे वाक्यही लगेच बनते. पूर्ण अर्थगटाचे खेळ, म्हणजे सर्व प्राण्यांची बिंगो किंवा सर्व रंगांची शर्यत, मी शब्द एकेकटे ओळखीचे झाल्यानंतर उजळणीसाठी ठेवतो. पाटीपेन्सिल यांच्या वर्गात बारा प्राणी एकदम आले होते, हेही त्या दिवशीच्या निकालाचे एक कारण असू शकेल.

उजळणीविषयी आणखी एक गोष्ट. खेळ दरवेळी नवीन शोधण्याची धडपड शिक्षकांनी सोडावी असे मला कळकळीने वाटते. मुलांना ओळखीचा खेळ पुन्हा खेळायला आवडतो. नियम माहीत असले की सगळे लक्ष भाषेकडे जाते. चारपाच खेळ वर्षभर ठेवून त्यांतील शब्द बदलत न्यावेत आणि जुने शब्द काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी परत आणावेत. शिकलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा टिकाऊ ठरते हे त्यानंतर पुष्कळ वेळा सिद्ध झाले आहे.

कोवळे ऊन

उच्चारांच्या खेळांविषयी कोणी सांगेल का? माझा स्वतःचा उच्चार निर्दोष नाही, त्यामुळे मी हे खेळ टाळत आले आहे.

तळटीप

आपण ते टाळू नयेत. परक्या कोणासारखा उच्चार साधणे हे या खेळांचे उद्दिष्टच नसते. ज्या ध्वनींच्या फरकाने अर्थ बदलतो ते ध्वनी वेगळे ऐकू यावेत, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

मराठीभाषक मुलांना नेमके काय अवघड जाते ते आपल्याला आपल्या भाषेवरून ओळखता येते. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना इकार लांबवल्याने मराठी शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील फरक आपल्या कानाला महत्त्वाचा वाटत नाही. इंग्रजीत तेथे जहाज आणि मेंढी एवढे अंतर पडते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन अक्षरांचे ध्वनी आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो. ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांतील फरक आपल्याला लिहिता येतो, कारण त्यासाठी मराठीने वेगळे चिन्ह स्वीकारले आहे, तरी लहान मुले बोलताना तो अनेकदा गाळतात.

खेळ साधा आहे. वर्गाच्या एका भिंतीवर जहाजाचे आणि समोरच्या भिंतीवर मेंढीचे चित्र लावावे, एक शब्द उच्चारावा, आणि मुलांनी त्या भिंतीकडे बोट करावे. धावू देऊ नये, कारण धावताना मुले एकमेकांमागे जातात. आपल्या उच्चाराची खात्री नसेल, तर ध्वनिमुद्रित आवाज वापरावा. नंतर मुलेच एकमेकांना शब्द सांगतात, आणि जोडीदाराचे बोट चुकीच्या भिंतीकडे गेले की बोलणाऱ्याला आपला उच्चार आपोआप तपासावा लागतो. शिक्षकाने ‘चूक’ म्हणण्याची गरजच पडत नाही.

रानवाटा

याला जोडून वाचनाच्या तयारीविषयी लिहिते, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपली मुले देवनागरी शिकून आलेली असतात. ‘कॅ’ हे त्यांच्या दृष्टीने एक अक्षर आहे. इंग्रजी वाचण्यासाठी मात्र ‘कॅट’ या शब्दाचे तीन ध्वनी सुटे करावे लागतात: क्, अ‍ॅ, ट्. व्यंजन आणि स्वर असे वेगळे ऐकण्याची सवय त्यांना नसते, आणि अनेक मुले इंग्रजी वाचनात अडखळतात त्याचे एक मोठे कारण येथे आहे असे मला वाटते. शिवाय देवनागरीत चिन्ह आणि ध्वनी यांचे नाते बरेच सरळ आहे, तर इंग्रजीत २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनींचा भार वाहावा लागतो. ‘कॅट’ आणि ‘सिटी’ यांचे पहिले अक्षर एकच आहे हे कळल्यावर एक मुलगी माझ्याकडे रागाने पाहत राहिली होती, आणि तिचा राग मला अगदी योग्य वाटला.

एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली चौकटींची युक्ती मी खेळ म्हणून वापरते. कागदावर तीन चौकटी आखायच्या, मुलाच्या हाती तीन खडे द्यायचे, आणि शब्द सावकाश उच्चारत प्रत्येक ध्वनीला एक खडा चौकटीत सरकवायचा. ‘कॅट’ला पहिल्या दिवशी बहुतेक मुले दोनच खडे सरकवतात, एक ‘कॅ’साठी आणि एक ‘ट’साठी. देवनागरीच्या हिशेबाने त्यांचे बरोबरच असते, म्हणून मी ते चूक ठरवत नाही. ‘कॅट’नंतर ‘किट’ आणि ‘कट’ उच्चारून आधी काय तेच राहिले आणि मधले काय बदलले असे विचारते. मधला ध्वनी वेगळा आहे हे जाणवले की तिसरा खडा आपण होऊन सरकतो. हा खेळ शांत आहे, त्यात कोणी जिंकत नाही, आणि तो पाचसहा आठवडे रोज थोडा थोडा खेळावा लागतो. पण तो खेळलेली मुले नवे शब्द वाचताना अंदाज बांधत नाहीत, ध्वनी जोडून पाहतात.

सहाण

गुण आणि बक्षिसांविषयी एक सावधगिरी नोंदवतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ मधील प्रसिद्ध प्रयोगात, ज्या बालवाडीतील मुलांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते त्यांतील काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधी सांगण्यात आले. पुढे मोकळ्या वेळी ही मुले बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्रक मिळालेल्या मुलांत मात्र अशी घट झाली नाही. खेळात मुळातच गोडी असते. तिच्यावर चांदण्या आणि चिकटचित्रे यांचा थर चढवला की मुले खेळाऐवजी चांदण्या मोजू लागतात. मी गटाचे गुण फळ्यावर लिहिणे बंद केले आणि संपूर्ण वर्गाने मिळून मागच्या वेळेपेक्षा अधिक फरक शोधायचे असे उद्दिष्ट ठेवले. भांडणे कमी झाली.

कोवळे ऊन

खेळात मूल चुकीचे वाक्य बोलले तर थांबवावे का? ‘ही गो टू स्कूल’ असे वाक्य माझ्या वर्गात दिवसातून वीस वेळा ऐकू येते.

पाटीपेन्सिल

मी खेळात थांबवत नाही. मूल अर्थ पोहोचवण्यात गुंतलेले असताना व्याकरणाची आठवण करून दिली, तर पुढच्या वेळी ते बोलण्याआधी घाबरते. मी तेच वाक्य बरोबर करून सहज म्हणते, ‘येस, ही गोज टू स्कूल’, आणि खेळ पुढे जातो.

तळटीप

या एका मुद्द्यावर माझे आपल्याशी मतभेद आहेत. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला. शिक्षक चुका सुधारताना सर्वाधिक वेळा हीच पद्धत वापरतात, परंतु मुले तिच्यानंतर स्वतःचे वाक्य दुरुस्त करण्याचे प्रमाण इतर पद्धतींपेक्षा कमी असते, असे त्यांना दिसले. मुलाला वाटते की शिक्षकाने आपल्या म्हणण्याला होकार दिला. क्रियापदाला लागणारा हा ‘स’ इंग्रजी शिकणाऱ्यांत उशिराच पक्का होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी अडवणे व्यर्थ आहे हे मलाही मान्य आहे. पण ज्या खेळाचा विषयच ते रूप आहे, त्यात मी ‘ही...?’ एवढेच म्हणून थांबतो आणि मुलाला स्वतः दुरुस्त करू देतो. चाल पूर्ण होण्यासाठी ते रूप लागतेच, असा नियम खेळातच असला की हे टोचत नाही. इतर खेळांत मी आपल्यासारखाच वागतो.

उन्हसावली

माझ्या मुलीच्या वर्गात एक मूल आहे, जे खेळात कधीच बोलत नाही असे ती सांगते. अशा मुलांचे काय होते?

रानवाटा

नव्या भाषेच्या सान्निध्यात आलेली अनेक मुले काही काळ बोलत नाहीत, नुसती ऐकतात. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी या मौनाच्या काळाकडे लक्ष वेधले होते. माझ्याकडे एक मुलगा साडेचार महिने इंग्रजीत एक शब्द बोलला नव्हता. आज्ञांच्या खेळात मात्र तो क्वचितच चुकायचा, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. जे मूल बोलतही नाही आणि ऐकण्याच्या खेळातही गोंधळते, त्याच्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. अशा मुलांना पत्ता उचलणे, चित्र लपवणे, खेळ सुरू झाल्याची खूण करणे अशी बोलण्यावाचूनची पण खेळाला आवश्यक कामे द्यावीत. आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे. शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुले अधिक बोलतात, असे अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातील निरीक्षणांतून दाखवले होते. वर्गात तीन सेकंद किती लांब वाटतात ते मोजून पाहावे. तो मुलगा पहिल्यांदा बोलला तो अशाच एका थांब्यानंतर, जोडीदाराला विचारलेल्या प्रश्नात: ‘इज देअर अ डॉग?’

पाटीपेन्सिल

धागा सुरू करून तीन आठवडे झाले, म्हणून काय करून पाहिले ते कळवते.

सहाण यांच्या सूचनेप्रमाणे या वेळी बारा प्राण्यांऐवजी तळ्याच्या एका चित्रातून आठ शब्द दिले. पहिल्या आठवड्यात रानवाटा यांच्या पद्धतीने डोळे मिटून आज्ञा, दुसऱ्यात पाठीला पाठ लावून फरक शोधणे आणि तिसऱ्यात वर्णनाची शर्यत घेतली. शर्यत मुद्दाम शेवटी ठेवली. आज पुन्हा एकेका मुलाजवळ बसून विचारले. बहुतेकांना आठपैकी सहा किंवा अधिक शब्द आले. मागच्या वेळी धावण्यात पहिला असलेल्या मुलाने पाच शब्द सांगितले, आणि बेडकासाठी नाव न आठवल्यावर ‘ग्रीन, जंप, वॉटर’ असे सांगून मला ओळखायला लावले. शब्द आठ असल्यामुळे मागच्या निकालाशी सरळ तुलना होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

फरक शोधण्याच्या खेळात पहिल्या दिवशी वर्गात इतका आवाज झाला की मला तो आवरता आला नाही. वीस जोड्या एकाच वेळी बोलतात तेव्हा तो होणारच. दुसऱ्या दिवशी कुजबुजत खेळायचा नियम केला, पण पाठीला पाठ लावलेली मुले कुजबुज ऐकू शकत नव्हती. शेवटी निम्म्या जोड्या खेळतात आणि निम्म्या वहीत लिहितात अशी पाळी लावली, आणि ते जमले. तळटीप, आपण वापरता त्या चित्रांच्या जोड्या कशा बनवता, तेवढे सवडीने लिहावे. मी हाताने काढलेल्या चित्रांत मुलांना पाचऐवजी सात फरक सापडले, आणि ते दोन जास्तीचे फरकही त्यांनी इंग्रजीतच सांगितले.